अंगणातला खड्डा

इतर मुलांनी आपलं लहानपण झाडावर चढून पाहिलं असेल, मी माझं जमिनीत उभं राहून पाहिलं. आमच्या अंगणात, बैलांच्या गव्हाणीपासून थोडं अलीकडे, एक अरुंद खड्डा होता आणि त्यात मी कमरेपर्यंत उभा असायचो. कमरेखालचा मी धानाच्या कोंड्यात, वरचा मी उजेडात. कोंड्यात चुकून राहिलेली कणी टिपायला कोंबड्या अगदी पोटाशी यायच्या आणि मला न विचारता माझ्याभोवती फिरून जेवायच्या. बैल पाणी पिऊन परतायचे तेव्हा आधी त्यांचे खूर दिसायचे, मग गुडघे, मग मान वर केली तर गळ्यातल्या लाकडी घंटा. माणसंही तशीच दिसायची. चेहऱ्याच्या आधी टाचा. कोणाच्या टाचेला भेग आहे, कोण वहाण घासत चालतो, कोणाच्या पायाला बांधातला ताजा चिखल आहे, हे मला गावात सगळ्यात आधी कळायचं. आजही घरात कोणी आलं की माझी नजर आधी त्याच्या पायांवर जाते. लोकांना वाटतं, वासुदेव मास्तर वयानं फार नम्र झाले. नम्र कसला, सवय आहे ती.

आमचं गाव वैनगंगेच्या काठापासून कोसभर आत, आरमोरीकडच्या बाजूला. तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत आणि गडचिरोली त्याच्याच पोटात होती. घरी माय, बा आणि मी. माझ्या आधीची दोघं पाळण्यातच गेली होती, त्यामुळे मायचा सगळा जीव माझ्यात अडकलेला. मला ताप आला तो मोहाच्या दिवसांत. अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांचा गोड, जडसर वास अजूनही कुठं आला की माझ्या तोंडाला तीच तापाची कडू चव येते. गावानं सांगितलं, मातामाय अंगात आली आहे, तिला शांत करा. मायनं कडुलिंबाचा पाला उशाला ठेवला, घरात फोडणी बंद केली. ताप गेला. पण मी उठून बसायला गेलो तर पाय आलेच नाहीत. दुखत नव्हते, सुजले नव्हते, नुसते ऐकत नव्हते. माय त्यांना हाक मारावी तशी माझी पावलं हातात घेऊन हलवत बसली होती.

मग जे जे कोणी सांगितलं ते ते झालं. मोहाच्या बियांचं तेल गरम करून चोळलं. ग्रहणात गळ्यापर्यंत रेतीत पुरा, असंही एकानं सांगितलं, आणि बा त्यालाही तयार झाला होता, पण ग्रहण जवळपास नव्हतं म्हणून मी वाचलो. शेवटी कोणीतरी म्हणालं की नदीपलीकडे, ब्रह्मपुरीच्या वाटेवर एका लहानशा दवाखान्यात सिस्टरबाई आहेत, त्या असल्या पोरांचे पाय बघतात. उन्हाळ्यात नदी आटली होती. बानं दमणी जुंपली आणि आम्ही रेतीतून चाकं रुतत रुतत पलीकडे गेलो.

सिस्टरबाई वर्ध्याकडच्या होत्या. सावळ्या, उंच, आवाज पुरुषी. पांढऱ्या लुगड्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी मला टेबलावर निजवलं आणि पहिल्यांदा काही केलंच नाही, नुसतं पाहत राहिल्या. मग एकेका पायाखाली हात घालून त्याला जरा जरा हलवायला सांगितलं, आणि उजव्या मांडीत कुठंतरी खोल काहीतरी थरथरलं तेव्हा त्या हसल्या. त्या हसल्या म्हणून माय रडली. मग त्यांनी मायला विचारलं की तुमच्याकडे उशिरा चालणाऱ्या पोराला उभं कसं करतात. माय म्हणाली, खड्डा करून त्यात उभं करतो. मायला वाटलं बाई रागावतील, अडाणी म्हणतील. सिस्टरबाई म्हणाल्या, मग तोच करा, पण मी सांगते तसा. अरुंद हवा, गुडघा वाकायला जागा नको, कडेनं पोतं, आत कोंडा दाबून भरायचा म्हणजे कातडी सोलणार नाही. सकाळ-संध्याकाळ उभं करायचं. त्याच्या आधी पाय ताणायचे, गुडघा खाली दाबायचा, पाऊल नडगीकडे वर ढकलायचं. निजताना बांबूच्या कामट्या फडक्यात गुंडाळून गुडघ्यामागं बांधायच्या. हे सगळं त्यांनी मायच्या हातांवर आपले हात ठेवून शिकवलं.

मायनं विचारलं, किती दिवस करायचं. त्या म्हणाल्या, पोराची वाढ थांबेपर्यंत. मायनं हे ऐकलं नाही असं नाही. घरी आल्यावर शेजारणीला तिनं तसंच सांगितल्याचं मला आठवतं. पण ऐकणं वेगळं आणि पटणं वेगळं. आमच्याकडे दुखण्याला शेवट असायचा. माणूस बरा व्हायचा किंवा जायचा. वर्षानुवर्षं नुसतं करत राहायचं आणि त्याला बरं होणं म्हणायचं, असलं दुखणं आमच्या गावानं पाहिलेलं नव्हतं. म्हणून परतताना गावाच्या शिवेवर मायनं दमणी थांबवायला लावली आणि शेंदूर फासलेल्या मातामायच्या दगडांपुढे डोकं टेकून नवस बोलली: माझा पोरगा आपल्या पायानं उंबरठा ओलांडून बाहेर आला तर तुला नारळ, कोंबडी आणि हिरवं लुगडं देईन. हा शेवट तिला समजणारा होता.

खड्डा मायनंच खणला. बा शेतात होता, तो येईपर्यंत थांबायचं तिला जमलं नाही. सब्बल घेऊन बसली आणि आमची ती बरड, दगडासारखी जमीन संध्याकाळपर्यंत तिनं फोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला त्यात उतरवलं आणि चारही बाजूंनी कोंडा भरला. कोंडा खाजतो. ज्यानं खळ्यावर काम केलं आहे त्याला सांगायला नको. मी ओरडलो, शिव्या दिल्या, त्या वयात येत होत्या तेवढ्या सगळ्या. माय समोर उकिडवी बसून तांदळाची पेज माझ्या तोंडात घालत राहिली. पेजेबरोबर कधी आंब्याच्या लोणच्याची फोड, कधी भाजलेल्या वांग्याचं भरीत. माझ्या आयुष्यातलं चांगलंचुंगलं बहुतेक जेवण मी उभ्यानं जेवलो आहे.

ताणण्याचं काम मात्र वाईट होतं. सिस्टरबाईंनी सांगितलं होतं की दाबलं की लगेच सोडायचं नाही, धरून ठेवायचं. किती वेळ धरायचं हे मायला कसं कळावं? तिला आकडे येत नव्हते. तिनं आपली युक्ती काढली. गुडघा दाबून धरला की ती आपल्या माहेरच्या गावातली घरं एका टोकापासून घ्यायची. पहिलं कोतवालाचं घर. मग म्हाताऱ्या गंगूबाईचं. मग विहीर. मग तेल्याचं घर, ज्याच्या दारात काळं कुत्रं असायचं. मग दोन भावांचं, जे एकमेकांशी बोलत नसत. असं करत शेवटी तिच्या बापाचं घर यायचं आणि मग ती हात सैल सोडायची. मी वेदनेनं ओठ चावत त्या एकेका घरापुढून जायचो. तेल्याचं घर मला आवडायचं नाही, कारण तिथं दुखणं सगळ्यात जास्त असायचं. दोघं भाऊ आले की थोडंच राहिलं म्हणून बरं वाटायचं. माझ्या मायचं माहेर मी पुढे मोठेपणी एकदाच पाहिलं, पण त्या गावात मला कोणाला रस्ता विचारावा लागला नाही.

असं वर्ष गेलं. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरायचं. माय पहाटे उठून पितळी गंजानं पाणी उपसायची, ओला कोंडा काढून टाकायची, कोरडा भरायची, वरती पळसाच्या पानांची झापडी घालायची, आणि मग रोवणीला जायची. दिवसभर धानाच्या चिखलात वाकून कंबर मोडलेली बाई संध्याकाळी येऊन पुन्हा माझे पाय घेऊन बसायची. तिच्या तळहातांची कातडी कोंड्यानं आणि पाण्यानं फाटली होती. मुसळ हातात धरता येईना तेव्हा तिनं मुसळाला चिंधी गुंडाळली, पण माझे पाय चिंधीनं धरले नाहीत. म्हणायची, चिंधीतून शीर समजत नाही.

आणि पाय येत होते. हे मी सांगतो आहे, कारण पुढचं सगळं वाचून कोणाला वाटेल की त्या खड्ड्यात काही दम नव्हता. उजवा गुडघा मी आपणहून ताठ ठेवू लागलो. डाव्यात जोर नव्हता, पण तो सरळ होता, टेकू लागत होता. दुसऱ्या पावसाळ्यात नदी चढायच्या आधी बा मला सिस्टरबाईंना दाखवून आला. त्यांनी मला टेबलाला धरून उभं केलं, मागून हात काढून घेतला आणि मी पडलो नाही. त्या बाला म्हणाल्या, आता धरून चालायला काहीतरी द्या, आणि बाकीचं सगळं सुरूच ठेवा.

गावचा वाढई सदूभाऊ बाचा मित्र. पोळा जवळ आला होता आणि तो पोरांसाठी तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी करत बसला होता. मोठ्या पोळ्याला खरे बैल सजतात, दुसऱ्या दिवशी पोरांचे लाकडी बैल. चाकं लावलेला नंदी दोरीनं ओढत घरोघर जायचं, लोक नंदीला ओवाळतात आणि पोराच्या हातावर काहीतरी ठेवतात. सदूभाऊनं माझ्यासाठी शिवणीच्या लाकडाचा नंदी केला, पण इतर नंद्यांच्या दुप्पट उंच. खाली रुंद पाट, पाटावर वजनाला दगड ठोकलेला, आणि वशिंड असं की दोन्ही हातांनी धरता यावं. इतर पोरं नंदी ओढायची, मी माझा मागून ढकलणार होतो. गल्लीतली पोरं म्हणाली, वासूचा नंदी उलटा चालते. सदूभाऊ म्हणाला, तुमचे नंदी गरीब आहेत, दोरी ओढली की येतात, याचा माजलेला आहे, ढकलावा लागतो. मला ते फार आवडलं.

तान्ह्या पोळ्याची सकाळ. दारात आदल्या दिवशी लावलेल्या पळसाच्या फांद्या घेऊन माणसं शिवेकडे निघाली होती, रोगराई घेऊन जा गे मारबत, असा ओरडा गावभर चालला होता. मायनं आमच्या दारची फांदी माझ्या पायांवरून उतरवली आणि बाच्या हातात दिली. घरात आदल्या दिवशीचे वडे होते, पुरण होतं, तेलाचा वास होता. मला नवी बंडी घातली. कामट्या गुडघ्यांना बांधल्या. नंदी उंबरठ्याबाहेर ओट्याशी आणून ठेवला. बा मला उंबरठ्यापर्यंत उचलून आणायला निघाला तर मायनं त्याचा हात धरला. मी सरकत चौकटीशी गेलो, तिला धरून उभा राहिलो. उजवा पाय उंबरठ्यावरून टाकला. डावा हातानं उचलून टाकला. वशिंड धरलं. चाकं करकरली आणि मी चाललो.

शेजारच्या ओसरीपर्यंत गेलो. मध्ये एकदा तोल गेला, पण नंदी जड होता, त्यानं मला धरलं. ओसरीवरच्या म्हातारीनं नंदीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि चुकून माझ्याही लावलं. मागं वळून पाहायची माझी हिंमत नव्हती, पण मायचा आवाज येत होता. ती हसत होती की रडत होती, सांगता येत नाही, दोन्हीचा आवाज तिचा सारखाच होता. माझ्या उभ्या आयुष्यात मी एवढा आनंदी पुन्हा झालो नाही. नोकरी लागली तेव्हा नाही, लग्न झालं तेव्हा नाही. हे बायकोला माहीत होतं, तिनं कधी मनावर घेतलं नाही.

त्याच दिवशी दुपारी नवस फेडला. बानं मला खांद्यावर घेऊन शिवेवर नेलं. कोंबडी झाली, हिरवं लुगडं झालं, नारळ फुटला. नारळ आमच्या रानात होत नाही, बानं तो आरमोरीच्या बाजारातून आणून ठेवला होता. मातामायचा वाटा ठेवून बानं एक भकल माझ्या हातात दिलं. पांढरंशुभ्र, जाड, इतकं गोड खोबरं की मी बाच्या खांद्यावर बसून दुसरं मागून घेतलं.

घरी आल्यावर मायनं घमेलं घेतलं आणि खड्डा बुजवायला लागली.

आमच्याकडे फेडलेल्या नवसाचं मागणं उघडं ठेवत नाहीत. लेकरासाठी पाळणा बांधला आणि लेकरू झालं तर तो पाळणा सोडून आणायचा, तो तसाच लोंबकळत ठेवला तर देवीला वाटतं, दिलं तरी हिचं समाधान नाही. हा असा नेम. खड्डा म्हणजे मायचं मागणं होतं. ते पूर्ण झालं होतं. कामट्याही तिनं सोडल्या आणि शिवेवर मातामायला वाहून आली होती. बा गव्हाणीपाशी उभा होता. तो म्हणाला, "सिस्टरबाईनं त बंद करा म्हनलं नाई."

माय घमेल्यातली माती टाकत म्हणाली, "पोरगा चालला का नाई? मातामायनं देल्लं. आता रोज त्याले खड्ड्यात उभं करून राह्यली त तिले खोटं पाडल्यासारखं होईन."

बा बैलांपुढे चारा टाकायला वळला. त्यालाही चाललेला पोरगा दिसला होता. बुजवलेल्या जागेवर मायनं नाचून नाचून माती दाबली, वरून शेणानं सारवलं आणि बोटांनी रांगोळीही काढली. नदी तेव्हा दोन्ही काठ भरून वाहत होती, पलीकडे जाऊन कोणाला विचारायचं म्हटलं असतं तरी डोंगा जात नव्हता.

सुरुवातीला मी नंदी घेऊन अंगणभर फिरायचो. मग नंदीचं चाक चिखलात रुतायला लागलं, म्हणून ओसरीवर फिरायचो. मग बसून खेळायला लागलो, कारण बसून चिंचोके खेळता येतात. बसलेल्या पोराचे गुडघे वाकलेले असतात आणि निजलेल्याचेही. कामट्या नव्हत्या, ताणणं नव्हतं. धान पिवळं व्हायला लागलं तेव्हा उभं राहताना माझा डावा गुडघा पूर्ण उघडत नव्हता. मायला वाटलं, पोरगा आळशी झाला. कापणी, बांधणी, खळं, मळणी. हातात वेळ कोणाच्या होता? मळणी झाली आणि मग माय म्हणाली, चला, नवे तांदूळ घेऊन सिस्टरबाईला भेटून येऊ, पोरगा दाखवू. नंदी दमणीत घातला होता, तिथं चालून दाखवायला.

सिस्टरबाईंनी मला टेबलावर निजवलं. गुडघ्यावर तळहात ठेवला आणि दाबला. गुडघा गेला नाही. पुन्हा दाबला. दुसरा पाहिला. माय शेजारी उभी राहून तान्ह्या पोळ्याची सगळी हकीकत सांगत होती, चाकं कशी करकरली, म्हातारीनं कुंकू कसं लावलं, खड्डा कसा बुजवला. सिस्टरबाईंनी तिला मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, तांदूळ मागं स्वयंपाकिणीकडे देऊन या. माय गेली. बानं मला पाठीवर घेतलं होतं, म्हणून पुढचं बोलणं माझ्या कानाजवळ झालं.

"पोर वाढतं, भाऊ, पण आखडलेली शीर वाढत नाही," त्या म्हणाल्या. "ती रोज ताणावीच लागते. तुम्ही थांबवलं म्हणून हे झालं. आता हे माझ्या हातानं सरळ होईल असं मला वाटत नाही."

बाची पाठ माझ्या छातीखाली ताठ झाली. मग म्हणाला, "तिले नका सांगू, बाई. खड्डा तिनंच खंदला अन् तिनंच बुजवला. हे समजलं त थे जगनार नाई."

माय पदराला हात पुसत परत आली. दोघांचे चेहरे पाहून तिचं हसू गेलं. तिनं विचारलं, "काय झालं जी बाई? देवीचं काई चुकलं का आमच्या हातून?"

सिस्टरबाई आपला देव मानणाऱ्या बाई होत्या, दगडाला शेंदूर लावणाऱ्या नव्हत्या, आणि खोटं बोलणं त्यांच्या तोंडाला माहीत नसावं. त्यांनी बाच्या तोंडाकडे पाहिलं. मग कमरेच्या किल्ल्या चाचपत म्हणाल्या, "चुकलं असेल, बाई. माणसाचं काहीतरी राहून जातंच."

त्यानंतरचं फारसं लिहिण्यासारखं नाही. सिस्टरबाईंनी मला महिनाभर दवाखान्याच्या पडवीत ठेवून गुडघ्यांवर रेतीच्या पिशव्या बांधून पाहिल्या. गुडघे थोडे उघडायचे आणि पिशवी काढली की परत मिटायचे. मग त्यांची बदली दूर झाली, आणि त्यांच्या जागी आलेल्या बाईंना बाळंतपणाखेरीज काही येत नव्हतं. बानं गोठ्यामागं एक नवा खड्डा खणला, देवीच्या नजरेआड, असं मायला सांगून. पण खड्डा सरळ आणि मी वाकडा. उतरवताच गुडघे कडेला अडले आणि मी असा ओरडलो की बैल दावं तोडून पळाले. त्या खड्ड्यात पुढे शेण टाकू लागले. नंदी वरच्या फळीवर गेला. मी हातांवर चालायला शिकलो, आणि बाच्या पाठीवर बसून शाळेत जाऊ लागलो. बाच्या पाठीवरूनच मी सातवी पास झालो, तिच्यावरूनच मास्तर झालो. गाव म्हणायचं, पोराचं नशीब काढलं. बाच्या पाठीचं काय झालं ते कोणी विचारलं नाही, म्हातारपणी तो काटकोनात वाकून चालायचा.

मागच्या हिवाळ्यात शेजारच्या घरातल्या चिमुरडीला घेऊन ते लोक जिल्ह्याच्या दवाखान्यात जात होते, मलाही गाडीत घातलं. तिथं अशा मुलांसाठी मोठी खोली आहे, भिंतीवर चित्रं, रंगीत चेंडू. कोपऱ्यात लाकडाची एक चौकट होती. त्या पोरीला तिच्यात उभं केलं, गुडघ्यांपुढे गादीची फळी, कमरेला पट्टा, समोर खेळण्यांचा पाट. पाहताक्षणी माझ्या मांड्यांना कोंडा खाजायला लागला. काम करणारी मुलगी पंचविशीची असेल. मी तिला विचारलं, हे कधीपर्यंत करायचं. ती सहज म्हणाली, "वाढ थांबेपर्यंत, आजोबा." मी बाहेर येऊन गाडीत बसलो.

बाचा मला राग यायचा. तरुणपणी फार यायचा. मायला तेव्हाच खरं सांगितलं असतं तर तिनं पुन्हा पाय हातात घेतले असते, रात्रीचा दिवस केला असता, कोण जाणे, एखादा गुडघा उघडलाही असता. हा हिशेब मी कितीदा मांडला आणि दर वेळी सिस्टरबाईंचा तो तळहात आठवला, दाबूनही खाली न जाणारा. माझे पाय तर गेलेच होते. माय राहिली होती. बानं तिला वाचवलं. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हे मी स्वतःला विचारणं सोडून दिलं आहे.

पण वाचलेल्या मायनं पुढची सगळी वर्षं काय केलं? तिनं काय राहून गेलं ते शोधलं. बुजवलेला खड्डा दर पावसाळ्यात खचायचा. अंगणात तेवढीच खळगी पडायची, पाणी साचायचं. तान्हा पोळा झाला की ती घमेलंभर माती टाकून ती जागा पुन्हा सारवायची आणि मग शिवेवर जायची. एका वर्षी तिला वाटलं, कोंबडी काळी हवी होती. काळी दिली. एका वर्षी वाटलं, लुगड्याला काठ नव्हता. काठाचं दिलं. एकदा वाटलं, त्या दिवशी तिनं वडा आधी चाखला होता, म्हणून वर्षभर तळलेलं सोडलं. बा दर वर्षी तिच्याबरोबर जायचा. मातामायवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, पण तो आधी डोकं टेकायचा. तो गेल्यावर मी जाऊ लागलो, हातानं चालवायच्या तीनचाकीवर बसून.

शेवटच्या वर्षी माय अंथरुणालाच लागली. पडून पडून तिचेच गुडघे पोटाशी आले. मी खाटेजवळ बसून रोज ते दाबायचो, सोसेल तेवढे. पहिल्याच दिवशी मी गुडघा धरला आणि ती डोळे मिटून बोलायला लागली. कोतवालाचं घर. गंगूबाईचं घर. विहीर. मी धरून ठेवायचो, तिच्या बापाचं घर येईपर्यंत.

एका दुपारी ती तेल्याच्या घरापाशी थांबली. डोळे उघडले. म्हणाली, "वासू, तुले याद हाय का? थो नारळ. नासका निघाला होता ना?"

माझ्या जिभेवर ते खोबरं आलं, पांढरंशुभ्र. बाच्या खांद्याचा घामाचा वास आला. मी म्हटलं, "हो माय. नासकाच होता. आतून काळा."

"तरी मी म्हनो," ती म्हणाली. तिचा चेहरा इतका सैल झालेला मी तान्ह्या पोळ्यानंतर पाहिला नव्हता. "मंग माह्यं काई चुकलं नाई."

"नाई माय. तुह्यं काईच चुकलं नाई."

तिनं डोळे मिटले आणि पुढचं घर घेतलं, न बोलणाऱ्या दोघा भावांचं. मी गुडघा दाबून धरला.